सरांची रेघ

अहवालात श्रीरंगच्या नावापुढे सहा टक्के लिहिलं होतं. मेल आला तेव्हा तो आर्किटेक्चर कॉलेजच्या आवारात गाडी लावत होता, आणि तो त्याने गाडीतच वाचला, इंजिन चालू ठेवून. संस्कृती, तिसरं वर्ष: एक्याण्णव टक्के. वाक्य लिहिलं की चित्र काढून देणारं यंत्र: तीन टक्के. श्रीरंग, शिक्षक: सहा टक्के. खाली लाल चौकटीत एक ओळ होती, की प्रकल्पातली मुख्य भिंत मुळात श्रीरंग यांनी काढलेली आहे, अमुक तारखेला, दुपारी तीन वाजून बारा मिनिटांनी. त्याखाली फिलिपाने, म्हणजे पोर्तुगालमधल्या जोडीदार कॉलेजच्या शिक्षिकेने, स्वतः चार ओळी घातल्या होत्या. पुढच्या सहामाहीला तिकडे शिकायला ज्या दोन मुलांना बोलवायचं ठरत होतं त्यांत संस्कृतीचं नाव पहिलं होतं, आणि नियम असा होता की प्रकल्पाची मुख्य कल्पना विद्यार्थ्याची स्वतःची पाहिजे. ती तशी नसेल तर नाव काढावं लागेल. तेव्हा गुरुवारी तुमच्या अडीच वाजता आपण तिघं स्क्रीनवर भेटू, त्याआधी श्रीरंगने सोबतचा फॉर्म भरावा, आणि यात कृपया वैयक्तिक काही मानू नये. श्रीरंगने त्यात वैयक्तिक काय मानलं ते कळलं असतं तर फिलिपा चक्रावली असती. तीस वर्षं शिकवलेल्या माणसाच्या मनात अशा वेळी पोरीचा विचार आधी यायला हवा. त्याच्या मनात आलं, फक्त सहा?

गाडी बंद करून तो जिने चढू लागला तरी तो आकडा डोक्यातून जाईना. भिंत काढून घेतली तर त्या प्रकल्पात राहतं काय? सहा छपरं, पाण्याचे नळ, बसायचे ओटे. ते तर कोणीही काढतं. पहिल्या मजल्यावर थांबून त्याने चष्मा पुसला आणि आपण काय विचार करतोय हे त्याच्या ध्यानात आलं. सोयगावची पोर, घरची शेती, घराण्यात कोणी मुंबईच्या पुढं गेलेलं नाही, तिचं नाव कापलं जायची वेळ आलीय आणि हा आपला वाटा मोजतोय. त्याला स्वतःची थोडी लाज वाटली. लाज वाटली तरी आकडा तिथंच होता.

हा जोडस्टुडिओ सुरू होऊन तीन वर्षं झाली होती. बारा मुलं इथली, बारा तिथली, आणि मधे एक सामायिक मॉडेल, जे तिसऱ्याच कुठल्या तरी देशातल्या कॉम्प्युटरमध्ये राहायचं. यंदाची जागा होती देवगाव रंगारीचं आठवडी बाजाराचं मैदान. लॅब सांभाळणाऱ्या सुदर्शनने, हा श्रीरंगचाच जुना विद्यार्थी आणि आता हाताखालचा मास्तर, एका सकाळी जाऊन त्या मैदानावर ड्रोन फिरवला, आणि संध्याकाळपर्यंत ते दगडगोट्यांसकट पोर्तुगालात पोचलं. बाजार नसलेला दिवस मुद्दाम धरला होता, कारण बाजार भरला की ड्रोनला जमीन दिसत नाही. त्यामुळे चोवीस मुलांनी जो बाजार पाहिला त्यात माणूस नव्हता. एक टाकी, दोन बाभळी, पश्चिमेला रस्ता, पूर्वेला नाला. मग चित्रं काढणाऱ्या यंत्राने त्यात माणसं भरली, सगळी फेटेवाली, सगळी हसरी, सगळ्यांच्या टोपल्यांत एकाच मापाची फळं. तिकडच्या मुलांचं देवगाव आणि इकडच्या मुलांचं देवगाव त्या चित्रांत डिट्टो सारखं यायचं, आणि देवगावच्या माणसाला दाखवलं असतं तर हे कोणतं गाव म्हणून त्याने विचारलं असतं. श्रीरंगला हे सगळं दिसत होतं. पण कुरकुरणारा म्हातारा मास्तर व्हायची त्याला हौस नव्हती, म्हणून तो गप्प बसायचा. बोललाच तर त्याचं इंग्रजी स्क्रीनच्या तळाशी अक्षरांत उमटायचं, अर्धा श्वास उशिरा. आपलंच बोलणं असं खाली वाचता वाचता त्याची वाक्यं आखूड होत गेली होती. यंत्राला झेपेल तेवढंच तो बोलू लागला होता, आणि एकदा घरीही उमाशी, म्हणजे बायकोशी, तो तसंच तुटक बोलला तेव्हा तिने विचारलं होतं, घसा दुखतोय का.

त्या मॉडेलमधली प्रत्येक रेघ आपला धनी लक्षात ठेवायची. रेघेवर पेन टेकवला की नाव, तारीख, वेळ. कोणाचा हात आत्ता कुठं आहे तेही दिसायचं, नावाची चिठ्ठी लावलेला एकेक बाण सगळ्या मैदानभर फिरत असायचा. फिलिपाचा बाण दोन-दोन तास पोरांच्या कामावरून फिरायचा आणि एकही रेघ न काढता निघून जायचा. ती नुसती विचारायची. हे इथंच का? इथून पाणी कुठं जाईल? तुला स्वतःला काय वाटतं? श्रीरंगला आधी तो आळस वाटला, मग धूर्तपणा वाटला. त्याच्या जगात शिकवणं म्हणजे करेक्शन, आणि करेक्शन म्हणजे हात. पोराच्या शीटवर ट्रेसिंग पेपर पसरायचा, मऊ पेन्सिल घ्यायची आणि पोराच्या फसलेल्या घरातून एक रेघ ओढायची. पोर श्वास रोखून बघतं. मागे चार जण गोळा होतात. मास्तर एक शब्द बोलत नाही, पेन्सिल खाली ठेवतो आणि पुढच्या टेबलावर जातो. रात्रीतून पोर तो ट्रेसिंग खाली घालून आपल्या हाताने सगळं पुन्हा काढतं, आणि सकाळी ती रेघ त्याची झालेली असते. ट्रेसिंग फाटतो, हरवतो, त्यावर चहाचे कप ठेवले जातात. कोणाची रेघ कोणती हे कोणी कोणाला विचारत नाही. श्रीरंग असाच शिकला होता, त्याचे मास्तरही असेच शिकले असणार, आणि या पद्धतीला काही नाव द्यावं असंही कधी कोणाला वाटलं नव्हतं.

तीन वाजून बारा मिनिटं त्याला चांगली आठवत होती. फेब्रुवारीतली दुपार, स्टुडिओतले पंखे नुकतेच लावू लागले होते. संस्कृतीने बाजारावर सहा छपरं काढली होती आणि ती एकमेकांच्या अंगावर आली होती. "सर, लई गर्दी झाली का?" तिने विचारलं. त्याने तिच्या हातातला पेन घेतला. खाली ट्रेसिंग नाही, काच आहे, हे हाताला कळलं, डोक्याला कळलं नाही. छपरांच्या मधून त्याने एक लांब भिंत ओढली, मैदानाच्या मध्यापर्यंत सरळ, आणि मग कोपरात वाकवलेल्या हातासारखी वळवलेली, तोंड पश्चिमेला, रस्त्याकडे. रस्त्यावरून येणारं माणूस आपोआप त्या कवेत शिरेल अशी. बाजार एकदम उभा राहिला. मागे जमलेल्या पोरांपैकी कोणीतरी हलकेच "वा" म्हटलं. "असं काहीतरी बघ," म्हणून त्याने पेन परत दिला. ती बराच वेळ त्या रेघेकडे पाहत राहिली, आणि मग म्हणाली, "हो सर." त्या दिवशी घरी जाताना त्याने गाडीत गाणी लावली होती. कित्येक वर्षांत हातून तशी रेघ आली नव्हती. त्याचं स्वतःचं ऑफिस होतं, पण तिथं आता येणारे लोक आधी पार्किंग किती बसतं ते विचारत आणि मग इमारतीचं बोलत. एवढ्या वर्षांनी हाताला ते आठवलं, याचा त्याला निखळ आनंद झाला होता. तो आनंद त्याने कोणाला सांगितला नाही, आणि न सांगितल्यामुळे तो पुरून उरला.

त्यानंतर तिचं काम त्याने पुन्हा उघडून पाहिलं नव्हतं, आणि ज्युरीच्या दिवशी तर त्या आनंदावर सायच धरली. तिकडून पाच परीक्षक, इकडून तीन, आणि प्रत्येकाच्या डोळ्यांवर ती काळी पेटी. पेटी चढवली की माणूस थेट प्रकल्पात उभा राहतो, कागदावरचा प्लॅन बघायची गरजच उरत नाही. श्रीरंगही उभा राहिला. भिंत त्याच्या दोन्ही बाजूंनी वळत गेली होती, ऊन पडलं होतं, मान फिरवली की आभाळ फिरत होतं. अर्ध्या मिनिटात त्याला गरगरलं. कुठली बाजू रस्त्याची आणि कुठली नाल्याची हे कळायच्या आत त्याने पेटी काढून टेबलावर ठेवली आणि पाणी प्यायला. पण तेवढं पुरलं. कोपर दिसलं, कव दिसली, त्याने आपली म्हणून ओळखली. बाकीचे आत हिंडत होते आणि मोठ्याने बोलत होते. ही भिंत माणसाला धरून ठेवते, एक पोर्तुगीज म्हातारा म्हणाला, हिला बाजार कळतो. संस्कृती माईकजवळ उभी होती, मान खाली घालून "थँक यू" म्हणत होती, आणि श्रीरंग भिंतीला टेकून रिकाम्या ग्लासाशी खेळत होता. आपण काही बोलत नाही यात त्याला मोठेपणा वाटत होता. मास्तरांनी असंच असावं. द्यावं आणि बाजूला व्हावं.

सोमवारी संध्याकाळी घरी आल्यावर तो फॉर्म उघडून बसला. शिक्षकाचा सहभाग, असा एक रकाना होता, आणि त्यात तीनशे अक्षरं मावत होती. बत्तीस वर्षांपूर्वी काकासाहेबांना कोणी हा रकाना दिला असता तर? काकासाहेब म्हणजे त्याचे मास्तर, सगळं कॉलेज त्यांना काकासाहेबच म्हणायचं. श्रीरंगचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प तालुक्याच्या गावातलं वाचनालय होता, आणि सबमिशनच्या आठवडाभर आधी काकासाहेबांनी त्याच्या शीटवर ट्रेसिंग टाकून वाचायच्या दालनाच्या मधोमध एक जिना काढला होता. एकच जिना, भिंतीला न टेकलेला, खिडकीकडे चढत जाणारा. पोरांनी तेव्हाही वा म्हटलं होतं. श्रीरंगने तो गिरवला, इंचाइंचाने, काकासाहेबांची पेन्सिल जिथं जरा थरथरली होती तिथंही. जिन्याचा मधला टप्पा बरोबर खिडकीसमोर येतोय आणि उजेड अडतोय, हे त्याला पहिल्याच रात्री दिसलं होतं. दोन फूट मागे घेतला असता तर काम झालं असतं. त्याने घेतला नाही. घ्यायचा विचार मनात आला तेव्हा छातीत धडधडलं होतं, ते त्याला अजून आठवत होतं. त्या प्रकल्पाला सुवर्णपदक मिळालं. पुढे पहिल्या बंगल्यात त्याने तोच जिना घातला, दुसऱ्यात घातला, आणि गारखेड्याला स्वतःचं घर बांधलं तेव्हा हॉलच्या मधोमध तोच. सोफा कुठंच नीट बसला नाही. उमा गेली एकोणीस वर्षं त्या जिन्याला वळसा घालून चहा आणत होती. काकासाहेब फार थकल्यावर एकदा त्याने त्यांना हौसेने घरी आणलं होतं, मुद्दाम हॉलमध्ये जिन्यासमोर बसवलं होतं. त्यांनी चहा घेतला, इकडेतिकडे पाहिलं, आणि विचारलं, "का रे श्रीरंगा, हा जिना असा मधेच का घातलास? उजेड जातो की सगळा." "चुकलंच जरा," श्रीरंग म्हणाला. त्यानंतर दीडेक वर्षाने काकासाहेब गेले.

"काय लिहितोयस एवढं?" उमाने विचारलं. त्याने थोडक्यात सांगितलं. ती शाळेत गणित शिकवायची आणि गोष्टी सुटसुटीत करून घ्यायची तिला सवय होती. "म्हणजे रेघ तू काढलीस हे खरं, आणि खरं लिहिलंस तर पोरीचं जाणं रद्द. मग खोटं लिही. कोणाचं काय बिघडतं?" ती म्हणाली. बिघडत काहीच नव्हतं. त्याने लिहिलं, की कल्पना विद्यार्थिनीने तोंडी सांगितली, मी फक्त ती दाखवली. वाचून पाहिलं. वाक्य छान होतं. त्याने ते खोडलं. मग लिहिलं, की आमच्याकडे शिक्षकाने रेघ काढणं ही शिकवण्याची रीत आहे आणि तिच्याकडे त्या नजरेने पाहिलं जावं. ते तीनशे अक्षरांत बसेना. मग नुसतंच लिहिलं, भिंत मी काढली. हे वाक्य त्याने सर्वांत जास्त वेळ स्क्रीनवर राहू दिलं. प्रामाणिकपणाचं असं वाक्य लिहून माणसाला जड वाटायला हवं होतं. त्याला गोड वाटत होतं, आणि त्या गोडीची त्याला भीती वाटली. फॉर्म तसाच ठेवून तो जेवायला उठला.

मंगळवारी सुदर्शनने त्याला लॅबच्या दारात गाठलं. अहवालाची प्रत त्यालाही आली होती. "सर, टेन्शन नका घेऊ. तिनंच सांगितलं व्हतं, तुम्ही नुसतं काढून दावलं, असं लिवा. तिला पण मी सांगतो तसंच बोलायला. मामला खतम." श्रीरंग म्हणाला बघतो. "आन सर, पुढच्या खेपंला माझ्या नावानं लॉगिन करून काढत जा," सुदर्शन हसत म्हणाला. "माझी काय इज्जत नाय तिकडं." त्याच दुपारी संस्कृती त्याच्या केबिनपाशी दोनदा येऊन गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा तो दार ओढून घेत होता. सडसडीत अंगाची, कायम बॅग पोटाशी धरून उभी राहणारी मुलगी, तिसऱ्या वर्षापर्यंत येऊनही दार वाजवल्याशिवाय आत न येणारी. "सर, त्या भिंतीचं जरा बोलायचं व्हतं." तो म्हणाला, "तू काळजी करू नकोस. मी आहे ना." "तसं नाय सर, ते आपलं..." "गुरुवारी मी बोलतो. तू फक्त शांत राहा," तो म्हणाला, आणि तिच्या खांद्यावर थोपटून निघाला. तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसेल असं त्याला वाटलं होतं. तिच्या चेहऱ्यावर अडचण होती. ती भीतीची असेल असं त्याने धरलं.

बुधवारचा सगळा दिवस तो स्वतःशी वाद घालत राहिला, पण वादात फारसा जीव नव्हता. खोटं बोललं तर पोर जाते, भिंत तिची होते, त्याची कायमची जाते. खरं बोललं तर भिंत त्याची राहते आणि पोर राहते सोयगावला. तत्त्व म्हणून खरं बोलावं हे त्याला पटत होतं, आणि पटत होतं म्हणूनच तो स्वतःवर संशय घेत होता. अकराच्या तासाला पहिल्या वर्षाच्या एका मुलाने टॅब पुढे केला तेव्हा त्याने हात खिशात घातले. तो मुलगा वाट पाहत राहिला. "तुला स्वतःला काय वाटतं?" श्रीरंगने विचारलं, आणि फिलिपाचं वाक्य आपल्या तोंडात उसन्या कपड्यासारखं ढिलं बसतंय हे त्याला कळलं. त्या मुलाला काहीच वाटत नव्हतं. संध्याकाळी त्याने फॉर्मचा रकाना रिकामा सोडला आणि समक्ष बोलेन असं लिहून पाठवून दिला.

गुरुवारी अडीचला लॅबमध्ये तो आणि संस्कृती एका टेबलाशी शेजारी शेजारी बसले. सुदर्शनने स्क्रीन जुळवून दिला आणि मागच्या खुर्चीवर जाऊन बसला. फिलिपाकडे सकाळ होती, तिचे केस ओले होते, हातात कॉफीचा कप होता. तिने हवापाणी विचारलं, मग सरळ मुद्द्याला हात घातला. श्रीरंग, ती भिंत तुम्ही काढलीत का? तो क्षण आला तेव्हा त्याला कळलं की काय बोलायचं ते त्याने ठरवलेलंच नव्हतं. "हो," तो म्हणाला. "ती रेघ माझी आहे." त्याचा आवाज स्वच्छ आला, वर्गात येतो तसा. खाली अक्षरं उमटली. त्याने ती वाचली, आणि एवढ्या वेळात शेजारी बसलेल्या मुलीकडे एकदाही पाहिलेलं नाही हे त्याच्या लक्षात आलं. तिचं पोर्तुगाल गेलं, तेही त्याच्या चार-पाच शब्दांत, आणि ते शब्द बोलताना त्याला बरं वाटलं होतं. घाईघाईने तो आणखी काही जोडणार होता, आमच्याकडची रीत, ट्रेसिंग पेपर, काहीतरी. फिलिपा म्हणाली, थँक यू, आणि विचारलं, संस्कृती, तुला काही सांगायचंय?

"सर, दाखवू का?" संस्कृतीने त्याला विचारलं. त्याचं उत्तर यायच्या आत तिने माऊस ओढून घेतला होता. मॉडेलमध्ये मागे जाता यायचं, एका पट्टीवर तारखा होत्या, ती ओढली की जुनं काम जसंच्या तसं दिसायचं. तिने ती फेब्रुवारीपर्यंत नेली. मोकळं मैदान, सहा छपरं, आणि तीन बाराला त्याची रेघ सरसरत आली, सरळ गेली, कोपरात वळली, तोंड रस्त्याकडे. अजूनही देखणी होती. मग दोन-अडीच आठवडे काहीच झालं नाही. त्या रेघेवर नऊ ठिपके होते, हाताने धरून हलवता येतील असे. एका मंगळवारी सकाळी त्यांतला शेवटचा ठिपका हलला. मग त्याच्या आधीचा. संस्कृतीचं नाव लावलेला बाण एकेक ठिपका उचलत होता, जरा नेत होता, थांबत होता, परत आणत होता. पुढच्या दोन दिवसांत सगळे नऊच्या नऊ हलले. कोपर मागे गेलं, कव उलटी झाली, भिंतीची पाठ रस्त्याकडे झाली आणि तोंड पूर्वेला, नाल्याकडे. ज्युरीने जिच्यात उभं राहून वाहवा केली ती ही होती. त्याने काढलेल्या जागी रेघेचा एकही ठिपका उरला नव्हता, आणि यंत्राच्या हिशेबी रेघ मात्र तीच होती, कारण ती पुसली गेली नव्हती, नुसती हलवली गेली होती.

संस्कृती इंग्रजीत सांगू लागली, अडखळत, मधे मधे हाताने दाखवत. सरांनी भिंत काढली ती मला लई आवडली, पण खात्री वाटेना, म्हणून मी बाजाराच्या दिवशी देवगावला गेले, तीन बाजार गेले. तिथं कडूबा म्हणून एक जण सुक्या मिरच्या विकतात, मी त्यांच्या शेजारी पोत्यावर बसून राहायची. दुपारनंतर वारा रस्त्याकडून येतो. म्हणून मिरचीवाले सगळे नाल्याच्या अंगाला, पार शेवटी बसतात, त्यांची जागा वडिलांपासून ठरलेली. भिंतीचं तोंड रस्त्याकडे ठेवलं तर वारा आत घुसतो, शेवटाला असलेली मिरची उडून कोपऱ्यात फिरते आणि सगळा बाजार खोकत बसतो. पाठ फिरवली तर वारा अडतो आणि मिरची नाल्यावर जाते. कडूबांनी मला पोत्यावर खडूने दाखवलं. फिलिपाने कप खाली ठेवला होता. तिने दोन-तीन प्रश्न विचारले, वारा किती, भिंत किती उंच, आणि संस्कृतीकडे उत्तरं तयार होती. श्रीरंगला त्यांतलं एकही माहीत नव्हतं. त्याला राग आला होता, खरा राग, पोराने उलट बोलल्यावर यावा तसा, आणि तो कोणावर काढायचा ते कळत नव्हतं. ती बोलत होती ते बरोबर होतं. पहिल्या वाक्यालाच त्याला ते पटलं होतं.

एवढं होतं तर जुनी रेघ पुसून नवी का नाही काढलीस, फिलिपाने विचारलं. हा सगळा घोटाळा झालाच नसता. संस्कृतीने श्रीरंगकडे पाहिलं आणि मराठीत म्हणाली, "सर, हे कसं सांगू त्यान्ला?"

"आधी मला सांग."

"पुसली की ज्यानं काढली त्याला मेसेज जातो सर. तुम्हाला आला असता, संस्कृतीनं तुमची रेघ पुसली म्हणून. बरं नसतं दिसलं ते. म्हणून मग पुसली नाय. थोडी थोडी सरकवली." मागे सुदर्शनची खुर्ची करकरली. "परवा तेच सांगाया आले व्हते मी," ती म्हणाली.

फिलिपा वाट पाहत होती. संस्कृतीने विचारलं होतं ते त्याला, तेव्हा भाषांतर त्यालाच करायचं होतं. श्रीरंग स्क्रीनकडे वळला. "तिला मला दुखवायचं नव्हतं," तो इंग्रजीत म्हणाला, आणि ते वाक्य स्क्रीनच्या तळाशी एकाही चुकीशिवाय उमटलं. फिलिपा म्हणाली, माझ्यापुरतं हे पुरेसं आहे, यादी आहे तशी राहील. पण अहवाल आज संध्याकाळी पुन्हा निघेल आणि तो यंत्र काढतं, त्याला हे सगळं समजावून सांगता येत नाही. रेघेवर श्रीरंगचं नाव आहे तोवर चौकट लालच राहणार. तेव्हा संस्कृती, तू आत्ता तिथं आपली नवी भिंत काढ, आणि ती जुनी काढून टाक. मी थांबते.

संस्कृतीने पेन हातात घेतला आणि श्रीरंगकडे पाहिलं. "पूस," तो म्हणाला.

"मेसेज जाईल सर."

"जाऊ दे."

तिने जुन्या भिंतीवरूनच नवी ओढली, घाई न करता, कोपरापाशी पेन न उचलता. तिचा हात चांगला होता. हे तिला तीन वर्षांत आपण एकदाही सांगितलेलं नाही, असं त्याच्या मनात आलं, आणि ते सांगायची वेळ ही नव्हे असंही आलं. मग तिने खालची रेघ निवडली. ती निळी झाली. पडद्यावरून निळा रंग गेला, भिंत होती तशीच राहिली, आणि फिलिपाने हात हलवून निरोप घेतला. श्रीरंगच्या खिशात फोन थरथरला. त्याने तो बाहेर काढून वाचला. संस्कृतीने तुमची एक रेघ काढून टाकली आहे, हवी असल्यास तीस दिवसांत परत आणता येईल. परत काय येईल याचा तो विचार करत बसला. येतील ते नऊ ठिपके, तिने ठेवले तिथं, वर त्याचं नाव. तीन वाजून बारा मिनिटांची रेघ जाऊन तीन आठवडे होऊन गेले होते. त्या तीन आठवड्यांत तो गाडीत गाणी लावून घरी जात होता, ज्युरीत भिंतीला टेकून उभा राहत होता, स्वतःच्या मोठेपणावर खूश होत होता, आणि ही मुलगी रोज त्याला नमस्कार करून वर्गात येत होती. त्याला फार एकटं वाटलं. मागे सुदर्शन वायरी गुंडाळू लागला होता.

"आला का सर मेसेज?" संस्कृतीने स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं.

"आत्ता आला," श्रीरंग म्हणाला.